घटिकापात्र, हळद आणि खोटी मिती: १७७३च्या पुण्यातल्या रहस्यकादंबरीच्या प्रतीकांचे काम

काम असे: शके १६९५च्या भाद्रपदात, पुण्यात घडणारी खुनाची कादंबरी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ती पार्श्वभूमी. कादंबरीतला खून कल्पित आहे. तो त्यानंतरच्या पितृपंधरवड्यात होतो आणि दफ्तरातल्या एका कारकुनाचा होतो. रामशास्त्र्यांची चौकशी मागे चालू आहे, पण शास्त्रीबुवा पडद्यामागेच राहतात. खाली फक्त प्रतीकांच्या कामाच्या नोंदी आहेत. कथानक, संवाद वगैरे यात नाही. पात्रांना इथे हुद्द्यावरून हाक मारली आहे. ज्यांना असेच काही लिहायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून काय टाकले हे काय ठेवले यापेक्षा जास्त सांगितले आहे.

४ जून

पहिली यादी: ‘ध’चा ‘मा’, हजारी कारंजे, अमावास्येचा काळोख, नारायण दरवाजा, कुंकू, घटिकापात्र, कात्रजच्या नळाचे पाणी. यादी झोकदार दिसते, आणि तीच तिची अडचण आहे. यातले निम्मे सहलीच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारखे वाटते.

चाळण म्हणून एकच प्रश्न ठरवला. ही वस्तू काढली तर गुन्ह्याचा उलगडा अडतो का? अडत नसेल तर ती शोभेची, मग अर्थ कितीही खोल असो. रहस्यकथेचा वाचक प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघत असतो. त्याला नुसते ‘सूचक’ काही दाखवले की तो पुरावा समजून खिशात टाकतो आणि शेवटी ते रिकामे निघाले की चिडतो.

त्यासाठी तक्ता केला. रकाने पाच: वस्तू, प्रकरण, कोणाच्या हातात, वाचकाला काय कळते, तपास करणाऱ्याला काय कळते. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणे महत्त्वाचे. दोघांना एकाच वेळी तेच कळत असेल तर तिथे प्रतीकाला वाढायला जागाच राहत नाही.

९ जून

काळोख गेला. नारायणरावांचा खून म्हटले की मशाली, काळोख, पाऊस असे चित्र डोळ्यांपुढे येते. नाटक-सिनेमांनी ते पक्के केले आहे. प्रत्यक्षात तिथी भाद्रपद शुद्ध १३, वार सोमवार आणि वेळ भर दुपारची. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे वाड्यातल्या गणपतीचे दिवस चालू होते. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा, त्यामुळे रस्त्यावरची गर्दी, मंडप, मिरवणूक यांतले काहीही वापरता येत नाही.

पार्श्वभूमीचे प्रकरण उजेडात लिहून काढले आणि ते जास्त भयंकर झाले. काळोखाची गरज कल्पित खुनाला आहे. त्यासाठी तिथी निवडली भाद्रपद वद्य ९. कामाचे गणित: वद्य तिथीच्या आकड्याला दोनाने गुणा, साधारण तितक्या घटका रात्र सरली की चंद्र उगवतो. नवमीला अठरा घटका, म्हणजे मध्यरात्र उलटून. ऋतूप्रमाणे यात एखाद-दोन घटकांचा फरक पडतो, पण कादंबरीला एवढे पुरते. खून सूर्यास्तानंतर दहाव्या घटकेला, तेव्हा अंधार. चंद्र वर आल्यावर प्रेत दिसते. शिवाय ती अविधवा नवमी आहे, सवाष्ण गेलेल्या बायकांचे श्राद्ध. मयत कारकुनाची बायको त्याच दिवशी विधवा होते. हे कुणाच्याही तोंडी घातलेले नाही. तिथी एकदा सांगितली की मराठी वाचक ते आपण होऊन जुळवतो.

१५ जून

हजारी कारंज्याचे अख्खे प्रकरण फेकले. सोळा पाकळ्यांचे कमळ, तुषार बंद पडलेले, पाकळ्यांत साचलेले पाणी आणि त्यात पडलेली मोहोर. वाचायला छान होते. पण हे कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधले असे सांगतात, आणि सवाई माधवराव जन्मले १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदरावर. १७७३च्या कथेत ते कारंजे असूच शकत नाही.

त्याच झटक्यात नारायण दरवाजाही गेला. मूळ नाव जांभूळ दरवाजा. नारायणरावांचे शव तिथून बाहेर नेले म्हणून नंतर नाव बदलले. घटनेला दोन आठवडेही झालेले नसताना पहारेकऱ्याच्या तोंडी नवे नाव घालणे बरोबर नाही. आता पात्रे ‘जांभूळ दरवाजा’ म्हणतात आणि त्याचे नाव निघाले की गप्प होतात. पुढचे वाचकाला ठाऊक आहे.

सल्ला असा की वास्तूवर प्रतीक बांधण्याआधी त्या वास्तूच्या प्रत्येक भागाचे साल वेगळे काढा. ‘शनिवारवाडा, १७३०’ एवढ्यावर भागत नाही. पाया १७३०चा, वास्तुशांत १७३२ची; पुढच्या प्रत्येक पेशव्याने काही ना काही वाढवले आणि १८२८च्या आगीत आतले बहुतेक जळाले. आज दिसते ती जोती आहेत. जोत्यांवरून उंचीचा, उजेडाचा, आवाजाचा अंदाज बांधायला जाल तर फसाल.

२२ जून

‘ध’चा ‘मा’. ही आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासातही ती आहे. धरावेचे मारावे झाले, बोट आनंदीबाईंकडे. रहस्यकादंबरीला ही फुकट मिळालेली किल्ली वाटते. वापरून पाहिली, आणि दोन ठिकाणी अडले.

एक तर कागदावर ते दाखवणे कठीण. मोडीत आधी सलग रेघ ओढतात आणि तिला अक्षरे टांगत जातात. अक्षरे एकमेकांना खेटून. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला अक्षर तर बदलावे लागतेच, वर काना घुसवावा लागतो. त्याला जागा हवी. ती जागा आधीपासून सोडलेली असेल तर लिहिणाराच कटात होता असे निघते, आणि कथा भलतीकडेच जाते.

दुसरी अडचण मोठी. वाचक निकाल घेऊनच येतो. ‘ध’ दिसला की त्याच्या डोक्यात आनंदीबाई येतात आणि पुढची शंभर पाने तो कल्पित कारकुनाच्या खुनाकडे लक्षच देत नाही. ज्याचा अर्थ आधीच ठरून गेला आहे ते चिन्ह रहस्यकथेत निरुपयोगी. ते काही लपवू शकत नाही. आता कादंबरीत त्याचा उल्लेख एका ओळीत आहे, बाजारगप्पा म्हणून.

१ जुलै

घटिकापात्र राहिले, आणि सगळी कादंबरी त्याच्यावर उभी करायची ठरली. लग्नात अजून काही घरांत दिसते: तांब्याची वाटी, तळाला बारीक छिद्र, पाण्याच्या भांड्यात तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या साठ. मोजणी सूर्योदयाला सुरू, सूर्यास्ताला पुन्हा एकपासून. बुडाली की माणूस काशाच्या थाळीवर ठोके देतो, वाटी रिकामी करतो, परत ठेवतो.

पुस्तकातून लिहिले तर खोटे वाटेल, म्हणून वाटी घडवून घेतली. कसब्यातल्या तांबट आळीतून अर्धगोल वाटी, तोंड १२ सेंटीमीटर, वजन सुमारे १५० ग्रॅम. जुन्या ज्योतिषग्रंथांत मापे आहेत: दहा पळे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे तोंड आणि ठरावीक वजनाच्या सोन्याच्या सळईने पाडलेले छिद्र. भास्कराचार्य मात्र व्यवहारी. वाटी कशीही असो, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि साठाला त्या संख्येने भागा, की एका बुडीचे माप घटकांत मिळाले. आम्ही त्यांचेच ऐकले, फक्त अहोरात्राऐवजी मोबाइलचे घड्याळ लावले.

पहिले छिद्र १.२ मिलिमीटरचे पाडले. वाटी चौदा-पंधरा मिनिटांत तळाला. मोठे छिद्र बारीक करता येत नाही. डाख देऊन बुजवावे लागले. म्हणून आधी बारीकच पाडा, मग वाढवा. ०.९ मिलिमीटरला २५ मिनिटांच्या आसपास आली. उरलेला मिनिटभर वजनाने काढायचा. वाटी जड केली की ती खोल बसते, आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढतो आणि पाणी जोराने शिरते. काठाच्या आतून सात-आठ ग्रॅम कथिल लावले, २४ जमली. वजन एका बाजूला लागले तर वाटी कलते आणि काठावरून पाणी घेऊन वेळेआधीच बुडते. तेव्हा कथिल सारखे पसरवा.

यातून दोन गोष्टी हाती लागल्या, ज्या कोणत्याही संदर्भात सापडल्या नव्हत्या. कोरडी वाटी पाण्यावर ठेवली तर छिद्राच्या तोंडाशी थेंब फुगून अडतो आणि पाणी आत यायला उशीर होतो. तेलकट हात लागला असेल तर फारच. म्हणून घटका मोजणारा वाटी आधी आतून ओली करतो. ही त्याची सवय पहिल्या प्रकरणात आहे. आणि गढूळ पाणी: पावसाळ्यात नदीचे पाणी तसेच वापरले तर गाळ छिद्रात बसतो, घटका लांबते.

८ जुलै

गाळाने गोंधळ केला. वाटी मंद चालल्याचे कळले की वाचक म्हणणार, गाळ अडकला असेल. घातपात कशावरून? हा पर्याय तपास करणाऱ्यानेच आधी खोडायला हवा.

उत्तर पाण्यातच होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने पुण्यात आणले, वाटेत हौद आणि उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे बांधीव खांब). तलावात आणि हौदांत गाळ खाली बसतो. वाड्यातल्या घटिकापात्राचे पाणी या नळाचे, शिवाय फडक्यातून गाळलेले. म्हणजे गाळ नाही, तर दुसरेच काही. पहिल्या यादीतले ‘कात्रजच्या नळाचे पाणी’ असे कामाला लागले. शुद्धतेचे प्रतीक वगैरे म्हणून ते यादीत आले होते. आता ते एक शंका बंद करते. तेवढे काम पुरे.

१२ जुलै

घातपात मेणाचा. पावसाळ्यात टपालाच्या थैल्या मेणकापडात बांधत, दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेले कागदांचे गठ्ठे, बांधायला मेणवलेला दोरा हाताशी असतो. तो दोरा छिद्रातून दोन-चारदा ओढला की आत मेणाचा पापुद्रा बसतो. २४ची २८ मिनिटे व्हायला छिद्राचा व्यास ०.९वरून साधारण ०.८३ व्हावा लागतो, म्हणजे चहूबाजूंनी केसाहूनही पातळ थर. नखाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही.

करून पाहिल्यावर अडचण कळली: हे नेमके साधत नाही. मेण कधी जास्त बसते आणि छिद्र बंदच होते, कधी पहिल्या पाण्याबरोबर निघून जाते. दोरा आधी हातात चोळून ऊन केला, वाटी पूर्ण कोरडी केली, तेव्हा टिकले. त्यामुळे खुन्याला कादंबरीत आधी सराव करावा लागतो, आणि सराव करायला दुसरी वाटी लागते. ती दुसरी वाटी कुठून आली, हा एक नवा धागा फुकट मिळाला. लग्नघरातून मागून आणलेली. परत केली नाही.

शोध कसा लागतो: वाड्यातली बाई सकाळी वाटी चिंच आणि राखेने घासते. तांबे लखलखते, मेण तसेच राहते, कारण चिंचेने मेण जात नाही. वाटी चकचकीत, म्हणून कुणी संशय घेत नाही. तपास करणारा तीत कढत पाणी ओततो, छिद्राखाली गार पाण्याची परात. मधमाशीचे मेण साठ-पासष्ट अंशांना वितळते. परातीत मोहरीएवढे दोन पिवळसर थेंब गोठून तरंगतात. हे दृश्य घरी करून बघून मगच लिहिले; ओतायचे पाणी खरोखर कढत हवे, नुसत्या ऊन पाण्याने काही होत नाही.

१९ जुलै

वेळेचे गणित. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मसुद्यातले तीन प्रसंग उलटे करावे लागले.

घड्याळ मागे पडले तर खुन्याला फायदा कसा? प्रथम मांडणी अशी होती की तो वाड्यातून नऊ ठोक्यांना निघतो. हे उफराटे आहे. घड्याळ मंद असेल तर नऊ ठोके पडतात तेव्हा बाहेर साडेदहा घटका झालेल्या असतात. खून बाहेर दहाव्या घटकेला झाला असेल तर तेव्हा तो खरोखरच वाड्यात होता. म्हणजे बिचारा निर्दोष!

त्याला वाड्यात शिरताना नोंदवायला हवे. हिशेब: नऊ वाट्या, प्रत्येकी २८ मिनिटे, एकूण २५२ मिनिटे. भागिले २४, साडेदहा घटका. ओंकारेश्वराच्या बाजूला खून, देवळाच्या घटिकापात्राप्रमाणे दहाव्या घटकेला. ओरडणे पुजाऱ्याने ऐकले. तिथून वाड्यापर्यंत अंधारात, चिखलात अर्धी घटका चाल. दिंडी दरवाजाच्या कारकुनाने लिहिले ‘नऊ घटका रात्री आत’. कागदावर तो खुनाच्या एक घटका आधी वाड्यात होता. खऱ्या काळात अर्धी घटका नंतर.

सूर्यास्ताला मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे दिवसाची चूक रात्रीत मिसळत नाही. दिवसा शंकूच्या सावलीवरून घटका पडताळता येते, रात्री ढगाळ हवेत काहीच नाही. म्हणून खून रात्री, आणि पावसाळ्यात. देवळात वेगळे घटिकापात्र होते हे कादंबरीपुरते मानले आहे.

वाचकाला हे न्यायाने कळावे म्हणून दोन ठोक्यांचा प्रसंग घातला. सूर्यास्तानंतर पहिल्या घटकेचे ठोके: वाड्याचा आणि देवळाचा जवळजवळ एकत्र, मधे चारच मिनिटे. तिसऱ्याला बारा मिनिटांचे अंतर. पुराण ऐकत बसलेला एक म्हातारा कुरकुरतो, “देवळातला पोऱ्या वाटी बुडायच्या आधीच ठोके देतोय वाटतं, आजकाल घाईच फार त्याला.” दोष देवळाला जातो, कारण वाड्याचे घड्याळ चुकेल हे कुणाच्या मनातच येत नाही.

प्रतीक म्हणून या कादंबरीत जे काही आहे ते या एका वाक्यात आहे. सत्तेच्या वास्तूत वेळ मागे चालली आहे आणि चूक मात्र गावाची मानली जाते. ते सांगायचे नाही. मसुद्यात तपास करणाऱ्याच्या तोंडी यावर चार ओळी होत्या, त्या काढल्या. ‘पापाचा घडा भरला’ तर पूर्ण बंदी. बुडणारी वाटी समोर असताना हा वाक्प्रचार कुठल्या ना कुठल्या पात्राच्या जिभेवर येतोच. तीनदा आला, तीनदा खोडला.

२ ऑगस्ट

लाल रंग. मूळ कल्पना: कागदावर तांबडा डाग, रक्त की कुंकू? तपास करणारा लिंबू पिळतो, डाग पिवळा होतो, म्हणजे कुंकू. घरी करून पाहिले आणि पार फसले.

कारण असे. हळदीला चुना लावला की ती लाल होते, आणि त्यावर लिंबू पिळले की परत पिवळी, हे खरे. पण जुन्या पद्धतीचे कुंकू चुन्याने करत नाहीत. हळकुंडे टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाच्या रसात मुरवतात, वाळवून कुटतात. ते लाल होतेच मुळी आंबटात, त्यामुळे लिंबाने पिवळे होत नाही. बाजारच्या कुंकवावर प्रयोग करण्यात अर्थ नाही, त्यात हल्ली बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो. टाकणखार आणून घरी केले तेव्हा उलगडा झाला.

परीक्षा उलटी फिरवली आणि जमून गेली. प्रश्न रक्ताचा नाहीच. पत्राच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले, मंगलकार्याचे पत्र. त्यातल्या एका कोपऱ्यावर तांबडे जरा जास्त. सगळे ते कुंकूच समजतात. लिंबाचा थेंब टाकल्यावर तीन कोपरे तसेच राहतात आणि चौथ्यावरचा अर्धा तांबडा भाग पिवळा पडतो. तो चुना. कुणाच्या तरी बोटाला पानाचा चुना होता आणि ओल्या हळदीला ते बोट लागले.

बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते, म्हणून ठशाचा आकार पुरावा म्हणून घेतलेला नाही. पुरावा चुन्याचा. पण पान कोण खात नाही? इथे चातुर्मास मदतीला आला. एका संशयिताने आषाढी एकादशीपासून विडा सोडल्याचे सांगितले आहे. पंक्तीत तो विडा परत करतो, दोनदा, सगळ्यांदेखत. नेम मोडलेला त्याच्या बोटाने सांगितला. विडा सोडणे, दाणे सोडणे, एकभुक्त राहणे हे चातुर्मासाचे नेम वाचकाच्या आजीने केलेले असतात, त्यामुळे समजावून द्यावे लागत नाही.

चुन्याने आलेला लाल वाळल्यावर तपकिरीकडे झुकतो आणि विटत जातो. ताजा डाग आणि जुना डाग वेगळे दिसतात. पत्रावरची मिती जुनी आणि डाग ताजा, म्हणजे पत्र खोटे.

११ ऑगस्ट

तेच पत्र खोटे आहे हे दुसऱ्या वाटेनेही सिद्ध व्हायला हवे. एकाच खुणेवर उलगडा टांगला की वाचकाला तो योगायोग वाटतो.

पत्रावरची मिती वैशाखातली, लग्नसराईची. लिहिले मात्र भाद्रपदात. पेशवेकालीन कागदावर शक असतो किंवा नसतो, पण शुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायचे दफ्तरी वर्ष) आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र बहुधा असतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या महिन्याची तारीख. शुहूर सन मृगाला बदलतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात. शक बदलतो चैत्रात. या दोन बदलांमधल्या फटीत सापळा लावला.

वैशाख १६९५ला शुहूर सन होता सलास सबैन मया व अलफ, म्हणजे ११७३. भाद्रपदात चालू होता अर्बा सबैन मया व अलफ, ११७४. शक दोन्हींना १६९५च. बनावट पत्र लिहिणाऱ्याने पंचांग बघून तिथी आणि चंद्र बरोबर घातला, वैशाख शुद्ध १०ला छ ८ सफर. शकही बरोबर. पण रोज हाताखालून जाणारे ‘अर्बा सबैन’ सवयीने लिहून गेला. नुसता शक पाहणाऱ्याला चूक दिसत नाही. दफ्तरात मुरलेल्यालाच दिसते. मयत कारकुनाला दिसली. म्हणून तो मेला.

ज्यांना हे वापरायचे आहे त्यांच्यासाठी: चंद्राची तारीख शुद्ध पक्षातल्या तिथीच्या साधारण एक-दोनाने मागे असते, कारण महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. ३० ऑगस्ट १७७३ला शुद्ध १३, तर जमादिलाखरची ११. असे अंतर चारने आले तर तुमचे कोष्टक चुकले आहे. अरबी आकडे एकं-दहं असे उलटे वाचायचे: अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. इसवी सनासाठी ५९९ मिळवा, आणि जानेवारी ते मृग या भागात ६००.

त्या वर्षाच्या संवत्सराचे नाव ‘विजय’. मोह फार झाला. प्रकरणाला शीर्षक देऊन झाले होते. काढले, कारण त्याने काहीच उलगडत नाही. फक्त लेखक मिश्कील हसतो आहे एवढेच दिसते. संकल्पात पुजारी एकदा नाव उच्चारतो, तेवढे ठेवले.

२० ऑगस्ट

पितृपंधरवड्यात मंगलपत्र बाहेर काढणे हेच विपरीत. पहिल्या मसुद्यात याकडे लक्षच गेले नव्हते, एका परीक्षण-वाचक बाईंनी समासात लिहिले, “अहो, पक्षात हे कोण हातात घेईल?” आता रुमाल सोडताना तो कागद दिसल्यावर दफ्तरातले दोघे हात मागे घेतात. त्यामुळे कागद तपासलाच जात नाही, आणि खुन्याने तो मंगलपत्राच्या रूपात का लपवला याचे उत्तरही मिळते. पत्र कोणी उलगडू नये म्हणूनच हळद लावली.

बाकी वाचकांचे अभिप्राय: दोन ठोक्यांचा प्रसंग बहुतेकांना आवडला, पण सुगावा म्हणून फार थोड्यांनी हेरला. हे प्रमाण ठीक आहे. शुहूर सनाचे एकालाही कळले नाही, म्हणजे ते न्याय्य झालेले नाही. उपाय: पाचव्या प्रकरणात मृगाच्या दिवशीची आठवण घातली. नवा उमेदवार जुना सन लिहितो, वरिष्ठ कारकून कानाला धरून ‘आजपासून अर्बा’ म्हणून सांगतो. दीड पान. पुढे तोच वरिष्ठ मरतो, त्यामुळे प्रसंग वाया जात नाही.

२८ ऑगस्ट

खर्च, ज्यांना अंदाज हवा त्यांच्यासाठी. वाटी, डाख आणि बारीक गिरमिटे मिळून हजाराच्या आत; बारीक गिरमिटे पटापट मोडतात, जास्त आणा. टाकणखार, मेण, हळकुंडे किरकोळ. मोडी जाणकाराकडून दोन पानांचा नमुना लिहून घेणे आणि मिती तपासून घेणे हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो वाचवू नका. सगळ्यात महाग पडले ते कारंज्याचे प्रकरण: चार हजार शब्द रद्दीत.

५ सप्टेंबर

मुखपृष्ठाचा पहिला नमुना आला. दिल्ली दरवाजा, पूर्ण चंद्र, रक्ताळलेली कट्यार आणि वर भला मोठा मोडी ‘ध’. चारही परत. वद्य नवमीला पूर्ण चंद्र नसतो, कट्यार कथेत नाही, ‘ध’चे वर आले आहे.

नवीन सूचना: कोरा हातकागद, जुन्नरी कागदासारखा फिकट पिवळट, आणि चार कोपऱ्यांना हळदकुंकू, एका कोपऱ्यात तांबडे किंचित जास्त. पुस्तक वाचण्याआधी ते कुंकूच वाटले पाहिजे. छपाईवाल्यासाठी: कोपऱ्यांतला रंग कापणीच्या रेषेबाहेर चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जाऊ द्यायचा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. पण चुन्याचा डाग कापणीपासून किमान आठ मिलिमीटर आत हवा. नमुन्याच्या प्रतीत नेमका तोच कापला गेला होता. पाठीमागच्या मजकुरातून ‘पापाचा घडा’ काढायला सांगितले आहे. प्रकाशकाकडच्या कुणीतरी तो घातला होता.